विंडोज सोडून लिनक्स टाकताना बॅकअपमधल्या फायली परत कशा आणायच्या

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्या, गणपती पेठेतली दुकानं, डीटीपीवाले, फोटो स्टुडिओ या सगळ्यांपुढे एकच प्रश्न आहे: चांगला चालणारा सहाव्या-सातव्या पिढीचा कम्प्युटर मोडीत काढायचा का? बऱ्याच कामांसाठी याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत सिस्टीम टाकली की तोच कम्प्युटर आणखी काही वर्षं नीट चालतो.

नवी सिस्टीम टाकायला अर्धा तास पुरतो. अडचण येते ती त्यानंतर, बॅकअपची डिस्क जोडल्यावर. फोल्डर दिसतात पण उघडत नाहीत, मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात, फायलींवर कुलूप दिसतं, ईमेल सापडत नाही. यातलं जवळजवळ प्रत्येक दुखणं विंडोज पुसण्याआधी पाच मिनिटांत सुटलं असतं आणि नंतर त्याला दोन दिवस जातात. म्हणून या लेखातलं निम्मं काम फॉरमॅट मारण्याच्या आधीचं आहे.

आधी रंगीत तालीम

८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या. रूफससारख्या प्रोग्रॅमने त्यावर लिनक्स मिंट चढवा आणि कम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून चालू करा. याला लाइव्ह मोड म्हणतात. यात आतल्या डिस्कला हात लागत नाही, विंडोज जसंच्या तसं राहतं. आता बॅकअपची डिस्क जोडा आणि फायली उघडा. फोल्डर दिसले म्हणून समाधान मानू नका, फायली प्रत्यक्ष उघडा: एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक मराठी पत्र, एक एक्सेलचा हिशोब, एक पीडीएफ, एक झिप. दहा फायली उघडल्या तर पुढे जायचं. एकही अडली तर पेनड्राइव्ह काढून पुन्हा विंडोजमध्ये जायचं, कारण दुरुस्तीची हत्यारं अजून तिथे शाबूत आहेत.

लाइव्ह मोडमध्ये जो बॅकअप उघडत नाही तो बॅकअप धरूच नका.

इथेच एक जुनी समजूत मोडायला हवी. विंडोज नव्याने टाकताना फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो आणि डी ड्राइव्ह तसाच राहतो, हे आपल्याकडे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडला तर अख्खी डिस्क पुसली जाते. सी, डी, ई, सगळं. त्यामुळे डी ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी हा बॅकअप नव्हेच. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी ती डिस्क कम्प्युटरपासून काढून बाजूला ठेवा. इन्स्टॉलरच्या यादीत डिस्कची नावं सारखीच दिसतात, दोन्ही १ टीबीच्या असल्या तर चूक होणारच. जोडलेलीच नसेल तर ती पुसली जाणार नाही.

तुमचा बॅकअप नेमका कुठल्या जातीचा आहे

साधं कॉपी-पेस्ट केलेलं असेल तर सगळ्यात उत्तम. ते कुठेही उघडतं.

विंडोजच्या ‘फाइल हिस्ट्री’ने घेतलेला बॅकअपही साध्या फायलींचाच असतो, पण प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख, वेळ आणि यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) ही अक्षरं चिकटलेली असतात. एकाच हिशोबाच्या पंधरा आवृत्त्या शेजारी शेजारी दिसतात. ती वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते, हे ध्यानात ठेवून सगळ्यात अलीकडची निवडा. शक्य असेल तर हे काम विंडोजमध्येच उरकावं. तिथलं ‘फायली परत आणा’ बटण एका रिकाम्या फोल्डरमध्ये शेवटची आवृत्ती मूळ नावाने काढून देतं.

कंट्रोल पॅनेलमधला जुना ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ फायली झिपच्या तुकड्यांत भरतो. छोट्या फायली लिनक्समध्ये त्या झिपमधून काढता येतात. मोठी फाइल मात्र दोन-तीन झिपमध्ये विभागलेली असू शकते आणि ती हाताने जोडत बसणं फार किचकट. पूर्ण सिस्टीमची इमेज घेतली असेल तर ती व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स प्रकारची असते. सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम ती उघडून आतल्या फायली दाखवतो. मॅक्रियम किंवा अ‍ॅक्रोनिसच्या इमेजसाठी त्यांचाच प्रोग्रॅम लागतो. असा बॅकअप असेल तर विंडोज चालू असतानाच तो रिकाम्या डिस्कवर उलगडून साध्या फायली करून घ्या.

वनड्राइव्हचा घोळ वेगळाच आहे. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेले असतील तर कितीतरी फायली कम्प्युटरवर नसतातच, नुसती नावं असतात. फाइलशेजारी निळ्या ढगाचं चिन्ह दिसलं की समजायचं, माल इथे नाही. फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ निवडा, सगळ्यांवर हिरवी खूण येईपर्यंत थांबा, मगच कॉपी करा.

कुलपं: आधी उघडा, मग फॉरमॅट

बॅकअप डिस्कवर किंवा आतल्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हवीच. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते किंवा छापून ठेवलेली असते. ती कागदावर उतरवून घ्या, त्याच कम्प्युटरवरच्या फाइलमध्ये नको. नव्या लिनक्समध्ये बिटलॉकरची डिस्क पासवर्ड किंवा ही की देऊन उघडते, पण ऐनवेळी घोळ नको म्हणून विंडोजमध्येच बिटलॉकर बंद करून डिस्क पूर्ण मोकळी होऊ देणं बरं. मोठ्या डिस्कला त्यात काही तास जातात.

दुसरं कुलूप जास्त घातक आहे, कारण ते सहज लक्षात येत नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मजकूर एन्क्रिप्ट करा’ अशी खूण केली असेल तर ती फाइल त्या विंडोजमधल्या त्या वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राशी बांधली जाते. अशी फाइल डिस्कवर राहते, नाव दिसतं, आकार दिसतो, पण विंडोज पुसल्यावर ते प्रमाणपत्र जातं आणि फाइल कुणालाच उघडता येत नाही. विंडोज १० मध्ये अशा फायलींच्या चिन्हावर छोटं कुलूप दिसतं. खूण काढा, फाइल पुन्हा सेव्ह करा, मग बॅकअप घ्या.

तिसरी गोष्ट ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज बंद केलं तरी खरं तर ते अर्धवट झोपलेलं असतं आणि जोडलेल्या एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या) डिस्कचे व्यवहार अपुरे ठेवतं. लिनक्स अशी डिस्क एक तर फक्त वाचायला देतं किंवा जोडायलाच नकार देतं. पडद्यावर येतो तो ‘फाइलसिस्टीमचा प्रकार चुकीचा, सुपरब्लॉक खराब’ असा भीतिदायक संदेश. डिस्क मेली असं समजून लोक ती दुरुस्तीला नेतात. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, तिच्यावर फक्त ‘अस्वच्छ’ अशी खूण राहिलेली असते. उपाय सोपा: शिफ्टचं बटण दाबून धरून विंडोज शट डाउन करा आणि बाहेरची डिस्क नेहमी ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा. विंडोज आधीच पुसलं असेल तर शेजारच्या कुणाच्याही विंडोज कम्प्युटरला ती डिस्क जोडा, चेकडिस्क चालवा आणि नीट काढा. एनटीएफएस-फिक्स नावाचं लिनक्सचं हत्यार ती खूण पुसतं, पण आतली दुरुस्ती पूर्ण करत नाही. दुसरा इलाजच नसेल तेव्हाच ते वापरा.

प्रत्यक्ष कॉपी

नवी सिस्टीम टाकली, अपडेट केली, आता डिस्क जोडायची. बॅकअपवर थेट काम सुरू करू नका. तिथलीच फाइल उघडून तिथेच सेव्ह केली की मूळ प्रत गेली. आधी सगळं तुमच्या होम फोल्डरमध्ये (लिनक्समधलं तुमच्या खात्याचं फोल्डर) ‘जुना-कम्प्युटर’ अशा एकाच फोल्डरमध्ये उतरवा आणि तिथून हळूहळू डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरेंमध्ये लावा. जुन्या वापरकर्त्याचं अख्खं फोल्डर नव्या होमवर ओतलं की दोन्हीकडच्या लपलेल्या सेटिंग्ज एकमेकांत मिसळतात आणि मग काय कुठलं ते कळत नाही.

वेळेचा हिशोब आधी करा. यूएसबी २.० च्या पोर्टला सेकंदाला साधारण ३० एमबी मिळतात, म्हणजे ५०० जीबीला साडेचार तासांच्या वर. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टला साधी फिरती हार्ड डिस्कही सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, तेच काम दीड तासात होतं. लाखभर छोट्या फायली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो. लाइट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा कम्प्युटर यूपीएसवर असू द्या आणि झोपायला जाण्याआधी स्लीप मोड बंद करा.

पन्नास जीबीच्या वर माल असेल तर ओढून टाकण्यापेक्षा आरसिंक (rsync) ही कॉपीची आज्ञा वापरा. मध्येच थांबलं तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, झालेल्या फायली सोडून ते पुढे सुरू होतं. बॅकअप डिस्क फॅट३२ ची असेल तर दोन खोडी ठाऊक हव्यात. एक, ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर मावतच नाही, म्हणून लग्नाचे लांब व्हिडिओ तिथे पोचलेच नसण्याची शक्यता आहे. दोन, फॅट३२ स्थानिक वेळ लिहितं, त्यामुळे फायलींच्या वेळा साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसू शकतात आणि आरसिंकला सगळं बदललेलं वाटतं. अशा वेळी वेळेऐवजी मजकूर तपासायचा पर्याय द्या.

पेनड्राइव्हवर उलट दिशेने कॉपी करताना पट्टी भराभर पुढे जाते आणि शेवटी अडून बसते. ते बिघडलेलं नसतं. मेमरीत साठलेला माल प्रत्यक्ष लिहिला जात असतो. ‘इजेक्ट’ म्हटल्यावर काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत हात लावायचा नाही.

कॉपी झाल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. पहिली म्हणजे फाइलवर कुलपाचं चिन्ह आणि सेव्ह होत नाही. कॉपी करताना आज्ञेआधी ‘सुडो’ (sudo) लावलं की फायलींचा मालक ‘रूट’, म्हणजे सिस्टीमचा मुख्य वापरकर्ता, होतो. चोन (chown) ही आज्ञा वापरून मालकी स्वतःच्या नावावर करा. दुसरी म्हणजे साधी मजकुराची फाइल उघडताना ‘चालवायची की दाखवायची’ असा प्रश्न. एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या नसतात, म्हणून सगळ्याच फायली चालवण्याजोग्या ठरतात. लिनक्समध्ये परवानगी आकड्यांत देतात; फोल्डरांना ७५५ आणि फायलींना ६४४ अशी ती वेगवेगळी द्यायची. सरसकट ६४४ दिलं तर फोल्डर उघडणंच बंद होतं, कारण फोल्डरवरची ‘एक्स’ परवानगी म्हणजे आत शिरायची परवानगी. आणि इंटरनेटवर वाचून सगळ्याला ७७७ देऊ नका. त्याने प्रश्न झाकला जातो आणि त्या कम्प्युटरवरच्या प्रत्येकाला तुमच्या फायली बदलायची मुभा मिळते.

मराठी नावांची अडचण

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात ही गोष्ट सहसा सापडत नाही, आणि आपल्याकडे ती नेमकी आडवी येते. विंडोज फाइलच्या नावाला २५५ खुणा देतं. लिनक्सची एक्स्ट-४ फाइलसिस्टीम २५५ बाइट देते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तिथे दोन्ही सारखंच. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा. ‘कृष्णा’ हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द आहे. आत क, ऋकाराची खूण, ष, हलन्त, ण आणि काना अशा सहा खुणा आहेत, म्हणजे १८ बाइट.

आता हे नाव पाहा: ‘तासगाव बेदाणा सौदे हिशोबपट्टी सन २०२३-२४ मार्च अखेर दुरुस्त केलेली शेवटची प्रत व्यापाऱ्यांना पाठवलेली’. वर्डच्या फाइलचा पाच खुणांचा शेपटा धरून याच्या १०६ खुणा होतात, विंडोजला काहीच जड नाही. लिनक्समध्ये याचे २८० बाइट होतात आणि ‘नाव फार लांब’ म्हणून फाइल अडते. सोसायट्यांची, पेढ्यांची, शाळांची कागदपत्रं अशाच नावांनी ठेवलेली असतात. मराठी नाव ८० खुणांच्या आत ठेवलं की प्रश्न येत नाही. लांब नावं विंडोजमध्ये असतानाच छोटी करा. कॉपीच्या वेळी चुकांची यादी न वाचता ‘सगळं वगळा’ दाबलं तर नेमक्या याच फायली मागे राहतात.

लहान-मोठ्या लिपीचंही पाहा. लिनक्समध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नावं वेगळी धरली जातात. एक्सेलमध्ये दुसऱ्या फाइलचा दुवा दिला असेल आणि त्यात एक अक्षर कॅपिटल असेल तर दुवा तुटतो. तसाही सी ड्राइव्हचा पत्ता असलेला प्रत्येक दुवा नव्याने जोडावाच लागतो.

आणि शोध. ‘गिऱ्हाईक यादी’ नावाची फाइल समोर दिसतेय, पण शोधात येत नाही, असं झालं तर ऱ्ह तपासा. हे जोडाक्षर दोन-तीन प्रकारे टंकता येतं. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा. डोळ्यांना फरक दिसत नाही, कम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. जुन्या कम्प्युटरवर गुगलचं फोनेटिक आणि नव्यावर इनस्क्रिप्ट असं झालं की हे होतंच. नाव एकदा नव्या कीबोर्डने पुन्हा टंकून घ्या. इनस्क्रिप्ट मराठी आयबस या लिनक्सच्या कीबोर्ड-प्रोग्रॅममधून मिळतं, फोनेटिकची सवय असेल तर त्यातच एम-१७-एन हा जोड टाका.

श्रीलिपी, आयएसएम आणि जुने फॉन्ट

सांगली, मिरज, कुपवाडच्या डीटीपी कामांत वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये पडून आहे: लग्नपत्रिका, अहवाल, नाट्यस्पर्धांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं. त्यातला बराचसा युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीचा आहे. त्या फायलींत देवनागरी अक्षरं नाहीतच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचे संकेत आहेत, आणि श्री-देव किंवा सुरेख, योगेश असा फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट नसला की उघडा पडलेला तो संकेतांचा गोंधळ दिसतो. फाइल बिघडलेली नसते. घाबरून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

म्हणून विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायलाच हवा, आणि तो बहुतेक जण विसरतात, कारण तो डॉक्युमेंट्समध्ये नसून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये असतो. फक्त स्वतःच्या खात्यापुरते टाकलेले फॉन्ट अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरच्या आत वेगळे असतात, तेही घ्या. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना काय म्हणतो तेही वाचा. लिनक्समध्ये फॉन्टवर दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की झालं. मग लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी लिनक्समध्ये वापरायचा प्रोग्रॅम) पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

जुन्या फॉन्टची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यावर टंकायला लागण्याआधी ऑटोकरेक्ट बंद करा. ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर कॅपिटल करतं आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं. जुन्या फॉन्टमध्ये ते कॅपिटल म्हणजे वेगळंच मराठी अक्षर आणि ते अवतरणचिन्ह म्हणजे एखादी मात्रा किंवा अर्धं अक्षर. एका रात्रीत अख्ख्या अहवालात अशा चुका पसरतात आणि प्रूफ वाचल्याशिवाय कळत नाहीत.

युनिकोडच्या मजकुराची तक्रार वेगळी असते. फॉन्ट बदलूनही अक्षर बदलत नाही. लिब्रेऑफिस देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट धरतं. टूल्समधून ऑप्शन्स, तिथे भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा, मग देवनागरीचा फॉन्ट वेगळा निवडता येतो. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट लिनक्समध्ये येत नाही. त्याच्या जागी नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित बसतो आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. दोन पानांचं पत्र तीन पानांवर जातं. ज्या कागदांचा आकार जसाच्या तसा हवा, त्यांची विंडोजमध्येच पीडीएफ काढून मूळ फाइलशेजारी ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसलेला असतो. जुन्या पत्रिका-स्मरणिकांसाठी हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा असेल तर कन्व्हर्टर आहेत, पण डोळे झाकून विश्वास नको. ज्या जागा बिघडतात त्या ठरलेल्या आहेत: पहिली वेलांटी, रफार, ऱ्य-ऱ्ह, ज्ञ, श्र, ट्र. ‘शिर्के’, ‘कर्ज’, ‘गिऱ्हाईक’, ‘राष्ट्र’ हे चार शब्द तपासले तर कन्व्हर्टरचा दर्जा लगेच कळतो. एक्सेलमध्ये फक्त मराठी रकाने बदला. पूर्ण पान बदललं तर रकमांच्या जागी अक्षरं येतात. मूळ फाइल कधीही पुसू नका.

ईमेल, पासवर्ड आणि टॅली

आउटलुकचं ईमेल बऱ्याचदा पीएसटी प्रकारच्या एका फाइलमध्ये असतं. रीड-पीएसटी हे लिनक्सचं छोटं हत्यार ते थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशा स्वरूपात काढून देतं. आधीच थंडरबर्ड वापरत असाल तर प्रोफाइलचं फोल्डर उचलून ठेवलं की पत्रं, पत्ते, पासवर्ड सगळं येतं. फायरफॉक्सचंही तसंच, फक्त उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप प्रकारचं असल्याने प्रोफाइल होममधल्या स्नॅप फोल्डरच्या आत टाकावं लागतं.

क्रोमचं तसं नाही. विंडोजमध्ये क्रोमचे पासवर्ड त्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. प्रोफाइल कॉपी केलं तर बुकमार्क येतील, पासवर्ड येणार नाहीत. फॉरमॅटच्या आधी गुगल खात्याशी सिंक करा किंवा पासवर्ड सीएसव्हीमध्ये काढा. ती सीएसव्ही उघड्या अक्षरांत असते, काम झालं की लगेच पुसा. स्टिकी नोट्सवर लिहिलेले फोन नंबर आणि उधारीही अशाच राहून जातात. त्या अ‍ॅपडेटाच्या आत प्लम नावाच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये असतात. डीबी ब्राउझरमध्ये उघडता येतात, पण आधीच वहीत उतरवून घेणं सोपं.

टॅलीवर रोजचं काम चालत असेल तर तो कम्प्युटर लिनक्सवर नेऊ नका, हे स्पष्ट सांगायला हवं. डेटाचं फोल्डर कॉपी होतं, पण उघडायला टॅलीच लागतं आणि ते विंडोजचं आहे. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) चालवून मार्च अखेरीची जोखीम घेण्यात अर्थ नाही. कोरल ड्रॉच्या फायली इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ उघडतात. आकार बहुतेक येतात, मजकुराची मांडणी आणि काही इफेक्ट हलतात. जुनं काम पाहायला ठीक, गिऱ्हाइकाचं चालू काम करायला नाही. पेजमेकरच्या फायली उघडल्या तरी पानं विस्कटतात, तिथेही आधी काढलेली पीडीएफच कामाला येते.

सगळं आलं का, हे मोजून पाहा

दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि बाइटमधला आकार पाहा. ‘डिस्कवरचा आकार’ वेगळा येतो, तो धरू नका. आकडे जुळले तरी आरसिंक एकदा मजकूर तपासण्याच्या पर्यायासह, प्रत्यक्ष कॉपी न करता चालवा. यादी रिकामी आली तर प्रत्येक फाइल बाइटगणिक सारखी आहे. यादीत नावं आली तर तेवढ्याच फायली पुन्हा आणा. थंब्ज-डीबी, डेस्कटॉप-आयएनआय आणि शॉर्टकट यांची चिंता करू नका, लिनक्समध्ये त्यांचा उपयोग नाही.

कॉपी करताना एकाच जागी सारखी अडत असेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर प्रयत्न थांबवा. प्रत्येक प्रयत्नाने डिस्क आणखी खराब होते. अशा डिस्कची आधी डीडी-रेस्क्यूने पूर्ण इमेज काढायची आणि फायली त्या इमेजमधून घ्यायच्या. एखादं फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायचं राहिलं आणि विंडोज पुसून झालं असेल, तर त्या कम्प्युटरवर काहीही नवीन लिहू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून टेस्टडिस्क किंवा फोटोरेक चालवा. फोटोरेक फोटो काढून देतं, पण नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. एसएसडी असेल तर ट्रिममुळे (पुसलेला माल ती स्वतःच काढून टाकते) आशा फार थोडी.

यानंतर नव्या सिस्टीमचा बॅकअप. मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू केलं म्हणजे फायली सुरक्षित झाल्या असं समजू नका. ते सिस्टीमसाठी आहे, होम फोल्डर नेहमीच्या मांडणीत त्यात धरलं जात नाही. फायलींसाठी देजा-डूप किंवा मिंटचं स्वतःचं बॅकअपचं साधन वापरा. आणि सांगलीत राहून दुसरी प्रत कुठे ठेवायची हा प्रश्न डिस्कच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मारुती चौक आणि गावभागातल्या तळमजल्यावरच्या दुकानांत कम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअप डिस्क एकदमच बुडाली. एक प्रत उंच भागातल्या नातेवाइकांकडे ठेवा. भिजलेली डिस्क मिळालीच तर वाळवून जोडून पाहू नका. गाळासकट तशीच ओलसर फडक्यात गुंडाळून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

जुनी बॅकअप डिस्क निदान एक मार्च अखेर पार पडेपर्यंत पुसायची नाही. हिशोबातली जी फाइल वर्षातून एकदाच लागते, ती राहिल्याचं तेव्हाच कळतं. डिस्कवर कागद चिकटवून तारीख, कुठल्या कम्प्युटरची, एनटीएफएस की एक्सफॅट, आणि बिटलॉकर आहे की नाही एवढं लिहून ठेवा.